नन्नाची शेवटची हरकत

मी, या कागदाखाली सही करणारा, धंद्याने सुतार, नदीच्या या बाजूचा कारभार चालवणाऱ्या परिषदेचा सभासद, परिषदेच्या अध्यक्षांचा सख्खा धाकटा भाऊ, ज्याला सगळे शहर 'नन्ना' म्हणते तो, पूर्ण शुद्धीवर, कुणाच्या दडपणाखाली नसताना आणि नशापाणी न करता हे मृत्युपत्र लिहीत आहे. दडपणाबद्दल खुलासा: बाहेर तोफा चालू आहेत, पण त्या सगळ्यांसाठीच चालू आहेत, खास माझ्यासाठी नाहीत. नशापाण्याबद्दल: मिळत नाही. माझी फुप्फुसे कामातून गेली आहेत आणि डॉक्टरीणबाई हल्ली नुसते "बघू" म्हणतात. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कुणी दाखवलेच, तर ते खोटे समजावे.

कलम १. वारस.
माझी पत्नी लढाई पेटण्याआधी वारली. तेवढे एक तरी बरे झाले. मला एकच अपत्य, मुलगी. ती लग्न होऊन नदीपलीकडे राहते. परिषदेच्या हुकुमाप्रमाणे नदीपलीकडचा प्रत्येक माणूस कायद्यापुरता मयत समजला जातो आणि त्याच्या वाट्याची मिळकत परिषदेकडे जमा होते. या हुकुमाला मी हरकत घेतली होती. त्या हरकतीचे काय झाले ते पुढे येईलच.

मी येथे स्पष्ट लिहून ठेवतो, की माझी मुलगी जिवंत आहे आणि तीच माझी एकमेव वारस आहे. हे वाक्य लिहिणे गुन्हा आहे, आणि त्याखाली साक्षीदार म्हणून सही करणे हाही गुन्हाच आहे. दोन सह्या पडल्या तर निदान एका कागदावर ती जिवंत राहील. नाही पडल्या तर हा कागद रद्दी, घर परिषदेचे, आणि माझी पोर सरकारदरबारी कायमची मेलेली. माझ्या हातात आता एवढेच उरले आहे, म्हणून सावकाश लिहीत आहे.

कलम २. घर.
खाली कारखाना, वर दोन खोल्या. सर्व मुलीला. कारखान्याचे दार पावसाळ्यात फुगते, ते उचलून ढकलावे. छपराला गोळ्याने पडलेले भोक मी कपाटाचे दार ठोकून बुजवले आहे. कपाटाला दार नाही म्हणून हसू नये.

मागच्या खोलीच्या खिडकीतून नदी दिसते आणि नदीपलीकडे तिची इमारत. टेलिफोनच्या तारा तुटल्यावर ती रोज सकाळी गॅलरीच्या कठड्यावर तिच्या आईची हिरवी रजई टाकायची. म्हणजे, बाबा, मी आहे. मी खिडकीत माझे पांढरे धोतर नाहीतर चादर, जे हाताला लागेल ते हलवायचो. या थंडीच्या सुरुवातीला त्या इमारतीची नदीकडची बाजू खाली आली. आमच्याच तोफांनी पाडली. तेव्हापासून रजई दिसत नाही. कठडाच राहिला नाही तर बिचारी रजई टाकणार कुठे, असे मी रोज सकाळी स्वतःला सांगतो. कधी पटते, बहुतेकदा पटत नाही.

कलम ३. हत्यारे.
करवती, दोन रंधे, पटाश्या, आणि काटकोन तपासायचा गुण्या हे सर्व डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याला. तिथे कुबड्या कमी पडतात. वडिलांची लाकडी घडीची फूटपट्टी यात धरू नये, तिची सोय शेवटी केली आहे.

आमच्या कारखान्याची एक रीत होती. लाकूड कापण्याआधी एकाने माप सांगायचे आणि दुसऱ्याने, पटो न पटो, "नाही" म्हणायचे. नाही म्हटले की पट्टी पुन्हा लावायचीच. वडील म्हणत, "कापलेलं लाकूड लांब करता येत नाही." दादा मोठा, म्हणून माप त्याचे, मी धाकटा, म्हणून नाही माझे. पुष्कळदा दादाच बोटभर चुकलेला निघे. वडील माझ्याकडे बघून नुसते "हं" म्हणत. माझ्या लहानपणीची सगळी शाबासकी त्या "हं"मध्ये आली. त्याच रितीने आम्ही तिघांनी जेवणाचे एक मोठे टेबल केले. चौदा माणसे बसतील एवढे, आणि अजून डुगडुगत नाही.

कलम ४. टेबल.
ते टेबल दादाच्या घरी आहे. त्यात माझा निम्मा हिस्सा आहे.

दादा आधी सुतारांच्या संघटनेचा पुढारी झाला, मग शहराचा, आणि आपसात लढाई जुंपल्यावर नदीच्या या बाजूच्या सगळ्यांचा. सरकारी कचेरी जळाली तेव्हा परिषद त्याच्या घरी, आमच्या टेबलाभोवती भरू लागली. पहिल्याच दिवशी त्याने मला बोलावून घेतले. "तू सभासद व्हायचं, आणि प्रत्येक ठरावाला नाही म्हणायचं. बाबांची रीत. उगाच लोकांनी म्हणायला नको, दादा सांगेल ती पूर्व दिशा."

मला अभिमान वाटला, हे लपवत नाही. या पोराच्या नाहीला अजून किंमत आहे, असे वाटले. पण परिषदेत नाही म्हटल्यावर पट्टी कुणी लावेना. मी शाळेतल्या वरच्या वर्गातली पोरे फौजेत घ्यायला नाही म्हटले. पलीकडच्या जखमींना औषध बंद करायला नाही म्हटले. माणसांना कागदावर मारून टाकायला नाही म्हटले. प्रत्येक वेळी दादा गंभीरपणे मान हलवायचा आणि म्हणायचा, "विरोधाची नोंद घेतली. पुढचा विषय." दुसऱ्या दिवशी रेडिओवर सांगत, की साधकबाधक चर्चेनंतर निर्णय झाला. हळूहळू सभासद माझ्या नाहीची वाट बघू लागले, कारण ते झाले की उठता यायचे. एकदा घसा बसला म्हणून मी गप्प राहिलो, तर दादा म्हणाला, "अरे, आटप की, नाही म्हण. रेशनचं पीठ यायची वेळ झाली." सगळे पोट धरून हसले. मला नन्ना हे नाव त्या दिवशी चिकटले.

टेबलातला माझा हिस्सा कापून दवाखान्याच्या शेगडीसाठी द्यावा. कापण्याआधी कुणीतरी नाही म्हणावे आणि माप पुन्हा घ्यावे.

कलम ५. भिंतीवरचे कॅलेंडर.
हे आमच्या फौजेच्या प्रमुखांना, ज्यांना मी मनातल्या मनात 'छातीठोक' म्हणतो. कारण ते प्रत्येक बैठकीत म्हणतात, "छातीठोकपणे सांगतो, आठवड्याभरात संपवतो." तो आठवडा त्यांना या कॅलेंडरात सापडावा.

कलम ६. पुलाविषयी.
या कलमाने कुणाला काहीही मिळत नाही. पण हे लिहिल्याशिवाय पुढचे समजणार नाही.

पलीकडून पांढरे निशाण घेऊन एक माणूस आला होता. पूल तसाच ठेवा. बिनहत्यारी माणसांना आठवडाभर इकडून तिकडे, तिकडून इकडे जाऊ द्या. आम्हीही गोळी चालवणार नाही, असा निरोप होता. छातीठोक म्हणाले, हा डाव आहे, पूल आजच उडवा. दादाने हुकूम समोर ओढला आणि सवयीने माझ्याकडे बघितले.

मी उभा राहिलो. मी म्हणालो, "दादा, माझी पोर त्या पुलावरून यायची आहे. सामान बांधून बसली आहे ती. पूल गेला की परत बांधायला आपण कुणी उरणार नाही. बाबांची शपथ आहे, कापू नकोस." मी टेबलाची कड धरून लहान पोरासारखा रडलो.

मग छातीठोकांनी टाळी वाजवली. "वा! आज तर नन्नांनी कमाल केली." बाकीच्यांनीही टेबलावर हात आपटले. दादा हसून म्हणाला, "विरोधाची नोंद घेतली. पुढचा विषय." दुपारी पूल गेला. माझ्या खिडकीची काच त्याच हादऱ्याने फुटली.

संध्याकाळी मी त्याला एकट्याला गाठले. "दादा, मी खरं बोलत होतो."

तो म्हणाला, "अरे वेड्या, खरंच बोलायचं असतं. म्हणून तर तुला ठेवलाय."

त्याला कळले नाही, की त्याने कळून घेतले नाही, हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही. एकाच ताटात जेवलेला भाऊ आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुठे करणार? मी राजीनामा लिहून दिला. बैठकीत तो वाचून दाखवला गेला, सगळ्यांना आवडला, आणि पुढचा विषय सुरू झाला. जायचे थांबलो तर माणूस पाठवून बोलावून घेत. जात राहिलो. नाही म्हणत राहिलो. ते पालथ्या घड्यावर पाणी होते, आणि ओतणारा पगारी होता.

कलम ७. वहिनी.
माझ्या पत्नीची लोकरीची शाल आणि शिवणयंत्र दादाच्या पत्नीला. पूल गेला त्या दिवशी वहिनी स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या होत्या. नंतर मला पाण्याचा पेला देताना हळूच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही खरंच रडत होतात ना?" मी हो म्हणालो. त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या घरात तेवढ्या एकीने माप पुन्हा घेतले, पण कापायचे अधिकार त्यांच्याकडे नव्हते.

कलम ८. फूटपट्टी.
वडिलांची फूटपट्टी दादाला.

दादा, तू उद्या भेटायला येणार आहेस असा निरोप आला आहे. पहिली सही डॉक्टरीणबाई करत आहेत. त्यांनी मजकूर दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि मला म्हणाल्या, "मला धरून नेलं तर दवाखाना कोण बघणार?" मी म्हटले, "मग करू नका." तर चिडल्या. "तुमचं नाही ऐकून ऐकून कान किटले. द्या इकडे."

दुसरी सही मला तुझी हवी आहे. तुझ्या सहीला कुणी गुन्हा म्हणणार नाही, आणि तुझ्या सहीचा कागद कुणी फाडणार नाही. मी तुझ्याकडे पूल मागत नाही, तो गेला. लढाई थांबव म्हणत नाही, ती आता तुझ्याही ऐकण्यातली राहिलेली नाही. ती उद्या थांबेल किंवा काही परत मिळेल, असे मला वाटत नाही. मुलगी या दारातून आत येईल असेही मला वाटत नाही. पण तू तिला खांद्यावर बसवून नदीवर नेलेस, पहिल्यांदा आगगाडी दाखवलीस, तिच्या लग्नात माझ्याआधी तूच रडलास. ती जिवंत आहे एवढ्या एका वाक्याखाली सही कर. मेली असली तर स्वतःचे मरण मेलेली असो, तुझ्या हुकुमाचे नको.

हे मी सभासद म्हणून म्हणत नाही. तुझा धाकटा भाऊ म्हणतो आहे. माझ्याकडे नीट बघ. नाही म्हटले आहे, पट्टी पुन्हा लाव.

हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले, आणि ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे. हात कापतो म्हणून अक्षर वाकडे आहे; बुद्धी सरळ आहे.

स्थळ: राहते घर, मागची खोली, नदीच्या अलीकडे.
दिनांक: पूल पाडल्यानंतरच्या दुसऱ्या थंडीतला बुधवार. तारीख बघायला कॅलेंडर उरले नाही, ते छातीठोकांसाठी गुंडाळून ठेवले आहे.

मृत्युपत्र करणारा: (सही) नन्ना, सुतार

साक्षीदार पहिली: (सही) दवाखान्याची डॉक्टर. मृत्युपत्र करणाऱ्यांनी माझ्यादेखत सही केली.

साक्षीदार दुसरा: थोरला भाऊ. (सहीसाठी जागा सोडली आहे.)

पहिल्या साक्षीदाराची टीप: अध्यक्ष गुरुवारी दुपारी आले. भाऊ झोपेत होते. उठवू नका म्हणाले. उशाशी बसून त्यांनी सगळा कागद वाचला, मध्ये एकदोनदा हसले, आणि फूटपट्टी खिशात घातली. सही केली नाही. सहीच्या जागी त्यांनी स्वतःच्या हाताने जे लिहिले, ते खाली तसेच आहे.

छान लिहिलं आहेस. विरोधाची नोंद घेतली. पुढचा विषय.