हार घातलेला माणूस चहाले येते

वलगाव, मंगळवार

तीर्थस्वरूप गोदाताईले धाकट्या शालिकरामचा वाकून नमस्कार. भाऊजींलेही सांगजो. तुहे गुडघे कसे आहेत? जठारपेठेत जिने लय, जपून चढत जाजो. इकडे आमी सारे खुशाल आहो असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, बाकी खुशाल काहीच नाही. काल शालूनं (तुह्या भावजयीनं) भाजीत दोनदा मीठ टाकलं.

तुले माहीत आहे, आबा गेले तवा मी रांगत होतो. त्याईचं तोंड मले आठवत नाही. आई गेल्यावर तिच्या पेटीत एक फोटो निघाला. गावातले सात गडी कपाशी विकून, ट्रकमधी बसून चिखलदऱ्याले फिराले गेले होते, तवाचा. (त्यात चिखलदरा कुठंच नाही. परतवाड्याच्या स्टुडिओतला आहे, मागं पडद्यावर रंगवलेलं तळं अन् दोन बदकं.) एकानं मांडीवर रेडिओ घेतला, एकानं घड्याळ दिसावं म्हणून हात छातीवर आडवा धरला, एकानं सावलीत बसून गॉगल लावला. पायात मात्र निम्म्यांच्या काहीच नाही! यात आबा कोणते म्हणून मी खुशालरावले इचारलं. त्या पिढीतला गावात तो एकटाच उरला, तोही मोतीबिंदूवाला. तो म्हणे, अख्ख्या वलगावात काळा कोट एकच होता, तुह्या बापाचा. कोट पाह्य अन् बाप ओळख. झालं! कोटवाल्याले अमरावतीहून मोठा करून आणला, फ्रेम केली, मागच्या पितृपक्षात हार घातला, खीर-वड्याचा नैवेद्य दाखवला. तवापासून वावरात जातानी रोज त्याईच्या पाया पडतो. संत्र्याची गळ, कपाशीचा भाव, सारं त्याईले सांगतो. (एकदा शालूची कागाळीही सांगितली. गुडघ्यांपायी तुहं येणं झालं नाही, नाहीतर तू तवाच चूक धरली असती.)

आता आईक. आपल्या मोनालीले अकोल्याचं, तुह्याच जठारपेठेतलं स्थळ आलं. मध्यस्थ महादेवरावनं काल त्या घरच्यांचा फोटो मोबाईलवर पाठवला. पोरगा चांगला आहे, पण मधात खुर्चीवर त्याचा आजा बसला आहे. ताई, मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आपले आबा! केस पांढरे झाले, दात गेले, पण तोच चिरलेला कान, तेच नाक, अन् हातात चहाची बशी!

मी आडून आडून महादेवरावले इचारलं. म्हाताऱ्याचं नाव चंद्रभानजी, मामाचं गाव वलगाव. पोरगी वलगावची म्हणून म्हातारा लय खूश, चिखलदऱ्याची गोष्ट सगळ्याईले सांगत सुटला आहे. तवा त्याईचं लग्न जमवून राहिले होते, पोरीकडं दाखवाले फोटो पाहिजे होता, म्हणून एका दोस्तानं अंगातला कोट काढून त्याईले घातला. तवा तशी रीतच होती म्हणे, ज्याचं लग्न जमवायचं, कोट त्याच्या अंगात. आता तो दोस्त कोण हे सांगाले पाहिजे काय? आबांनी कोट दिला अन् मी त्या कोटापायी आबाच बदलून टाकले!

रविवारी सारे पोरीले पाहाले येऊन राहिले, म्हाताराही. फ्रेम उतरवावी, तं मोनालीचा जो फोटो आमी पाठवला तो त्याच भिंतीपाशी काढलेला. मागं हारासकट अर्धी फ्रेम दिसते, अन् म्हातारा म्हणे मोबाईल नाकाशी धरून, बोटानं मोठं करकरून पाहते. शालू रडकुंडीले आली. म्हणते, “ज्याले एवढे दिवस हार घातला, त्याले आता चहा कसा देऊ मी?” त्यात महादेवराव सहज बोलून गेला, की म्हातारा मागच्या पितृपक्षात मोरीत घसरून पडला होता. पितृपक्षात, ताई! जित्या माणसाले नैवेद्य दाखवला आपण! हे त्याईले कळलं तं या घरची पोरगी कोण करीन? मोनाली वरून हसून राहिली, पण तिले पोरगा मनातून आवडला आहे, म्हणून तं मले जास्त भेव लागते. तू त्याईच्याच पेठेत राहतं. एकदा जाऊन म्हाताऱ्याले म्हणून पाह्य, या वयात एवढ्या दूर गाडीत आदळत कायले जाता?

तुहा भाऊ,
शालिकराम

ता. क. (बुधवार) काल रात्री फ्रेम उतरवली. भिंतीवर पांढरा चौकोन उमटला होता, तिथं कॅलेंडर लावलं. आज सकाळी सवयीनं कॅलेंडरच्या पाया पडलो.

आणखी एक ता. क. म्हाताऱ्याले काही सांगू नको, येऊ दे बिचाऱ्याले. मीच त्याईच्या पाया पडून सारं सांगून टाकीन, मंग होईन ते होईन. पत्र धाडतो ते आता दुसऱ्याच कामासाठी. मूळ फोटो सोबत पाठवतो. कोटवाला सोडून सहा उरतात. मी एकेकाचं तोंड पाहिलं, आरशात आपलंही पाहिलं, पण काही उमगत नाही. तू तवा शाळेत जात होती, तुले आबा आठवत असतीन. त्याईच्यावर पेनानं बारीक खूण कर. नाहीच आठवलं, तरी कोणावर तरी कर, ताई. घरातून निघतानी पाया पडाले मले कोणीतरी लागते. फक्त तो मेलेला आहे एवढी खात्री करून घेजो.