फ्रिक्वेन्सी माझ्या हातात

३ तारीख, सोमवार
आजपासून शिस्त. शुक्रवारी आमच्या ग्रिडच्या कंट्रोल रूममधल्या शिफ्टप्रमुखाच्या जागेची मुलाखत. जागा माझीच, फक्त जाहीर व्हायचीय. वीजबाजार खुला झाल्यापासून कोणीही कुठल्याही केंद्राची वीज घेतं. शेजारच्या ग्रिडबरोबर किती देवाणघेवाण करायची, ते करारात ठरतं. ते सांभाळायला कॉम्प्युटर आहे. तो केंद्रांचं उत्पादन आपोआप कमी-जास्त करतो. संकल्प: त्यात लुडबूड करायची नाही.

दुपारी. फ्रिक्वेन्सी ४९.९७! हवी बरोबर पन्नास. कॉम्प्युटर ढिम्म. उत्पादन मॅन्युअलवर, माझ्या हातात घेतलं. संकल्प उद्यापासून.

४ तारीख, मंगळवार
शेजारच्या ग्रिडचा ऑपरेटर ठार वेडा आहे. मी उत्पादन वाढवलं की हाही वाढवतो, फ्रिक्वेन्सी डोक्यावर बसते. मी कमी केलं की हाही कमी करतो. फोन करून झापला. त्याचंही माझ्याबद्दल हेच मत आहे म्हणे. उद्धट!

जलविद्युत केंद्राच्या इंजिनिअरची तक्रार: टर्बाइनला दिवसभर उठाबशा काढायला लावताय. काहींना काम नकोच असतं. साहेब बराच वेळ मागे उभे होते. भारावले असावेत.

घरी पंखा. दोनवर उकडतं, तीनवर कागद उडतात. सारखा उठतोय. बायको वैतागली, उद्या इलेक्ट्रिशियनला बोलावते म्हणाली.

५ तारीख, बुधवार
जमलं! दिवसभर मॅन्युअलवर, आणि फ्रिक्वेन्सी पन्नासला चिकटून. शेजारचा ऑपरेटरही वठणीवर आला. माझ्या बाजूच्या टेबलावरच्या मौनीबाई दिवसभर हाताची घडी घालून स्क्रीनकडे बघत होत्या. त्यांनीही त्याच जागेसाठी अर्ज केलाय. कीव आली.

इलेक्ट्रिशियन येऊन गेला. पंखा आता माझं ऐकतो. अडीचवर ठेवला, झक्कास.

६ तारीख, गुरुवार
जेवताना तोंडात घास तसाच ठेवून टेबलाकडे धावलो. ५०.०१ होती, जरा दाबली. आली जागेवर. ही कला बोटांतच असावी लागते. सासूबाईंना फोन करून बढतीचं सांगून टाकलं. त्यांनाही सवय व्हायला हवी.

७ तारीख, शुक्रवार
मुलाखत. साहेबांनी आलेख दाखवला. सोमवार-मंगळवार करवतीचे दाते. पुढचे दोन दिवस सरळ रेघ. मी म्हटलं, हे माझे दोन दिवस. साहेब खाली बघत म्हणाले की बुधवारी सकाळपासून माझ्या टेबलावरून केंद्रांना एकही आज्ञा जात नव्हती. साहेबांनीच ती सोय बंद केली होती. कॉम्प्युटर काम करत होता आणि मौनीबाई त्याला ते करू देत होत्या. जागा त्यांना.

घरी आलो. फार वाईट वाटत होतं, सासूबाईंचं आठवून तर जास्तच. बायकोनं पाणी दिलं. मी उठून पंखा दोनवर केला. जरा बरं वाटलं. निदान हा तरी हातात आहे, असं मी म्हटलं.

बायकोनं रिकामा पेला उचलला. मग हळूच म्हणाली की इलेक्ट्रिशियननं बुधवारीच पंखा एकाच मधल्या वेगावर कायमचा जोडून दिलाय. ते बटण नुसतंच फिरतं.