पन्नास ग्रॅम निळा रंग

बाई, पांडेसऱ्याची ती कापड रंगवायची डाइंग मिल आठवली की आधी तुम्ही दिसता, प्रयोगशाळेतल्या स्टुलावर ताठ बसलेल्या. नव्वदच्या दशकातले दिवस, मी नुकतीच बीएस्सी होऊन तुमच्या हाताखाली लागलेली. एका दुपारी शेठ गोदामातल्या माणसाला घेऊन येतात. निळ्या रंगाचा डबा आला तेव्हापेक्षा पन्नास ग्रॅम कमी भरतोय आणि डब्याचं सीलही तुटलंय, म्हणजे यानेच चोरी केली, असं त्यांचं म्हणणं. तो मिलजवळच्या बमरोलीत राहणारा, खानदेशातला. "मी काहीच लिधं नही, बाई," काही घेतलं नाही, एवढंच तो म्हणतो.

तुम्ही गोदामात गेलात, पंखा बंद करायला लावलात आणि तोच डबा माझ्याकडून पुन्हा पुन्हा काट्यावर ठेवून घेतलात. दर वेळी आकडा थोडा वेगळा. आपण सरासरी काढली, आकडे तिच्यापासून किती लांब जातात ते काढलं. "डबा आला तेव्हाचं वजनही याच काट्यावरचं," तुम्ही म्हणालात, "त्यातही एवढीच शंका धर. दोन्ही शंकांचे वर्ग कर, बेरीज कर, वर्गमूळ घे." उत्तर साठ ग्रॅमच्या आसपास आलं. शेठांच्या तक्रारीपेक्षा आपली शंकाच मोठी निघाली.

"बेन, चोरी थई के नहीं?" शेठांनी गुजरातीत विचारलं, चोरी झाली की नाही?

"या काट्यावरून ते सांगता येत नाही, शेठ. सील कुणी तोडलं, हेही नाही."

त्याची नोकरी वाचली. पण शेठ तुमच्याशी कामापुरतंच बोलू लागले आणि जेवणाच्या सुट्टीत बाया म्हणू लागल्या, बाईंनी आपल्या मराठी माणसाला झाकलं. सर्वांत नवल त्या माणसाचं. तोही तुम्हाला टाळायचा. त्याला 'हा चोर नाही' हे ऐकायचं होतं आणि तेवढंच तुम्ही म्हणाला नव्हतात.

"'हा चोर नाही' असं म्हणून टाकायचं होतं ना, बाई," मी डबा खाताना म्हटलं. "जे मोजलं नाही, ते कसं म्हणू?" तुम्ही अर्धी भाकरी तशीच ठेवून डबा बंद केलात.

पुढच्या वर्षी आजारी पडून तुम्ही अमरावतीला भावाकडे गेलात आणि तिकडेच कायमच्या गेलात. आता मी एका प्रयोगशाळेची प्रमुख आहे. शंका ठेवून उत्तर देते, म्हणून माझ्याही टेबलापाशी फारसं कुणी रेंगाळत नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. एकटं वाटतं का, हे तुम्हाला विचारायचा धीर मला कधी झाला नाही. मला वाटतं एकटं, बाई.