आईच्या पेशींचं खाणं

बेळगाव, शुक्रवार

प्रिय आक्का,

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आईच्या पेशी अजून हायत न्हवं? मग जगवत ऱ्हा गं, कवा तरी निपाणीहून येऊन बघीन." मी हो म्हणून बसले. तेव्हापासून काही सुचत नाही.

आहेत, आक्का. पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी तिच्या पोटातली लिंबाएवढी चरबी आमच्या प्रयोगशाळेसाठी घेतली होती. "चाळीस वर्सं मी वागवली, आता तू वागव," असं म्हणाली होती. नर्सही हसली. त्या चरबीतल्या पेशी मी सपाट बाटलीत वाढवते, अंगाइतक्या ऊबदार पेटीत. बाटलीवर नाव नाही, फक्त सतरा नंबर. सूक्ष्मदर्शकातून बघितलं की त्यांच्यात तुपासारखे चकचकीत थेंब भरत असतात. आईला जाऊन दोन महिने झाले, आपण सुतक पाळलं, आणि या अजून चरबी साठवतायत. हे आईचं आहे, की आई आहे, की कुणीच नाही? सरांना विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, ते सॅम्पल आहे." पूर्वी मीही तसंच म्हणायचे.

दवाखान्यात आई कॅप्सूल फोडून नुसती पावडर पाण्यातून घ्यायची. वरचं आवरण जनावराचं असतं म्हणून. चरबी द्यायच्या संमतीच्या फॉर्मवर सही करण्याआधी तिनं मला एकच विचारलं होतं, "त्यास्नी खायला काय घालतीस?" फॉर्मवर फक्त 'पोषक द्रव' लिहिलेलं. मी म्हणाले, साखर, मीठ, पाणी. "मग आमच्यातलीच हायत की," म्हणाली आणि सही केली.

त्यात वासराचं रक्त असतं, आक्का. लाल भाग काढून उरलेलं पाणी. तेही गाईच्या पोटातल्या, न जन्मलेल्या वासराचं. आमच्याकडे त्याशिवाय पेशी वाढत नाहीत. खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. पण खरं सांगितलं तर ती नाही म्हणेल, हे मला ठाऊक होतं.

आजही घातलं मी. पुढची वेळ सोमवारी, आणि सोमवारी चतुर्दशी, आईच्या उपासाचा दिवस. घातलं तर आईला तेच भरवल्यासारखं होतं. नाही घातलं तर तू जगव म्हणालीस, ते माझ्याच हातून मरतं. सही कशी घेतली ते सरांना सांगणार आहे, पुढं काय व्हायचं ते होऊ दे. पण आधी तुला सांगायला हवं होतं. दोनदा फोन लावला. तू "बोल गं" म्हणालीस की आईच बोलल्यासारखं वाटतं, म्हणून दोन्ही वेळा पावसापाण्याचं विचारून ठेवून दिला.

सोमवारच्या आत सांग. घालू, की नको?

तुझीच,
निशा