कर्लिंग क्लबच्या कप्तानाचा घसा

२० जानेवारी, सोमवार
विनिपेग. बाहेर उणे एकतीस. विद्यापीठाच्या कर्लिंग क्लबचा मी तीन वर्षं कप्तान. यंदा सातपैकी सात सामने हरलो, पण कसे हरलो ते बघायला हवं! परवा आम्ही अर्ध्यातच हार मानून हात मिळवले नसते, तर रिजायनाच्या संघाला शेवटपर्यंत खेळावं लागलं असतं.
१४ फेब्रुवारीला नव्या कप्तानाची निवड. चारच सभासद. मला काळजी नाही. तरी त्याआधी एक सामना जिंकलेला बरा. कप्तानपद गेलं तर मी कोण? भूगोलात दोनदा नापास झालेला कॉर्बिन.
संकल्प: रोज सहाला उठून धावणे.

२१ जानेवारी, सकाळी ११
उठलो.

२५ जानेवारी
आठवा सामना. हरलो. चूक टॅविश आणि मेरिएलची. दगड बर्फावरून घसरत निघाला की ही दोघं त्याच्यापुढे ब्रशने बर्फ घासत धावतात. कधी घासायचं, कधी थांबायचं, हे मी पलीकडच्या टोकावरून ओरडून सांगतो. म्हणजे डोकं माझं, हात त्यांचे. हातच नालायक!
ओक्साना म्हणाली, अरे बाबा, तू ‘घासा’ आणि ‘थांबा’ एकाच दमात ओरडतोस, काहीतरी एक ठरव की! मी म्हटलं, याला डावपेच म्हणतात. ती उपकप्तान आहे, तिला वरच्या पातळीवरचं कळायचं नाही.
संकल्प: आणखी मोठ्याने ओरडणे. धावणं रद्द, थंडी फार.

२९ जानेवारी
आंघोळ करताना अर्धा तास ओरडण्याचा सराव. शेजारच्या खोलीतला मुलगा दार ठोठावून विचारून गेला, मदत बोलावू का? म्हटलं, सध्या संघात चारच जण पुरेत.

६ फेब्रुवारी
आवाज पार बसला. शिट्टीसुद्धा नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दहा दिवस तोंड उघडायचं नाही. टॅविशला कागदावर लिहून कळवलं. तो म्हणाला, घाई करू नकोस रे, चांगला महिनाभर आराम कर. किती जीव आहे पोराचा माझ्यावर! डोळे भरून आले.

८ फेब्रुवारी
जिंकलो!!! यंदाचा पहिला विजय!
मी टोकावर उभं राहून दोन तास हातवारे केले. घासणाऱ्यांची मान खाली, नजर दगडावर. वर कुणी बघितलंच नाही. ओक्साना जवळून हळूच काहीतरी सांगत होती, तेवढंच. तरी माझ्या मनातलं सगळ्यांनी अचूक ओळखलं. याला म्हणतात नेतृत्व. मेरिएल रडली. मीही रडलो, आवाज न करता.
आता निवड म्हणजे नुसता उपचार. आभाराचं भाषण लिहायला घेतलं. तीन पानं झाली.

१४ फेब्रुवारी, दुपारी ४
टॅविशने ओक्सानाचं नाव सुचवलं. मेरिएल म्हणाली, हे कधीच व्हायला हवं होतं गं!
मी जीव तोडून ओरडलो, ‘हरकत!’ ओठ हलले, बाकी काही नाही. ओक्साना म्हणाली, कॉर्बिन काहीतरी म्हणतोय. टॅविश म्हणाला, अभिनंदन करत असेल, मनाचा मोठा आहे.
मग दोन्ही हात वर करून उभा राहिलो. टॅविशने हात मोजले. चौघांची पाच मतं पडली, सगळी ओक्सानाला.
फार लागलं मनाला. कुणाला सांगणार, आणि कसं?
कार्यवृत्ताची वही त्यांनी माझ्याकडेच सरकवली. म्हणाले, तुला बोलता येत नाही, तर तूच लिही.
लिहिलं: एकमताने.