सयाजीरावांचे चारशे पाहुणे

सांगली,
रविवार

नानामामांना उत्कर्षाचा वाकून नमस्कार.

तुम्ही आणि मामी खुशाल असाल. परवा कोयनानगरला जरा जमीन हलली असं कळलं, म्हणून मामींना फोन केला, तर त्या म्हणाल्या, भांडी वाजली तेव्हा मांजर आलं वाटलं. म्हणजे सगळं ठीक आहे. आईला मिरजेच्या डॉक्टरांनी मांडी घालून बसायचं नाही असं बजावलंय, तेव्हापासून ती दिवसभर मांडी घालूनच बसते. माझी नोकरीही अजून आहे. ('अजून' हा शब्द मी विचार करून लिहिलाय.)

आमचे मालक सयाजीराव आष्ट्याचे, द्राक्षबागेच्या फवारणीचे पंप विकतात. ज्यानं पंपाची नुसती चौकशी केली, त्याला आमच्याकडं 'लीड' म्हणतात (माणसाला, पंपाला नव्हे). त्याचं नाव, गाव, बाग किती, पंप घेणार कधी, ही नोंद आजवर मी ठेवत होते. यंदा मालकांनी एआय एजंट आणला. तो विम्याचा एजंट नव्हे. कॉम्प्युटरच्या आत असतो, दिसत नाही, चहा मागत नाही. तो ग्राहकाशी फोनवर बोलतो आणि नोंद स्वतःच बदलतो. मात्र कुठलं टूल (म्हणजे त्याचं अवजार : फोन लावायचं एक, नोंद लिहायचं दुसरं) कशासाठी, कधी वापरायचं आणि कधी नाही, हे त्याला आधी लिहून द्यावं लागतं, आणि ते लिहायचं काम माझ्याकडं. मामा, नव्या सुनेला स्वयंपाकघर दाखवणं यापेक्षा सोपं. तिला "चहाचा डबा तिथं" म्हटलं की भागतं. याला डबा उघडायचा आणि झाकण परत लावायचं, हेसुद्धा लिहून द्यायचं. पहिल्याच आठवड्यात मी लिहिलं, "ग्राहक 'बघतो' म्हणाला तर त्याला पुन्हा फोन करावा." किती वेळानं, ते लिहायचं राहिलं. धनाजी नावाच्या एका बागायतदाराला त्यानं सकाळपासून फोन लावून लावून बेजार केलं. शेवटी तो ओरडला, "आरं, बघू तर दे की रं गड्या!" एजंटानं नोंद केली : ग्राहक अजून बघत आहे.

ते मी दुरुस्त केलं. मग आलं नात्याचं टूल. हंगामात पंप कमी पडतात, तेव्हा मालक नातेवाइकांना आधी देतात, म्हणून नोंदीत 'नाते' असा एक रकाना आहे. त्यासाठी मी लिहिलं, "बोलताना ग्राहकानं नात्याचा उल्लेख केला, तर ते नातं नोंदवावं." वाचायला किती सरळ! मालकांनीही वाचून झकास म्हटलं. पण आपल्या भागात फोनवर कोण कुणाला 'महोदय' म्हणतं? "काय पाव्हणं, हाय का पंप?", "आवं मामा, लवकर धाडा", "दाजी, जरा आमच्याकडं बी बघा की." एजंट बिचारा परमुलखातला. त्यानं पाव्हणं म्हणणाऱ्यांना पाहुणे केलं, मामा म्हणणाऱ्यांना भाचे, आणि दाजी म्हणणारे सगळे मालकांचे मेहुणे झाले.

तेवढ्यात मालकांच्या नव्या घराची वास्तुशांत ठरली. ते म्हणाले, "नात्याच्या रकान्यातल्या समद्यांस्नी आमंत्रण धाड." मी बटण दाबलं. (आधी रकाना उघडून बघायला हवा होता, हे आई, मालकीणबाई आणि आचारी अशा तिघांनी मला सांगून झालंय.)

जेवण दीडशे माणसांचं होतं आणि माणसं आली चारशे. जतपासून तासगावपर्यंतच्या जीपा आणि टेम्पो. कुणी टॉवेल-टोपी आणली, कुणी नारळ, एकानं तर द्राक्षांची पेटीच. मालक दारात हात जोडून, ओळखीचं हसून उभे. मधेच मालकीणबाईंना हळूच विचारायचे, "ही तुझ्याकडली का गं?" त्या म्हणायच्या, "मला वाटलं, तुमच्याकडली." धनाजीही 'पाहुणा' होऊन आला होता. मालकांचा हात धरून म्हणाला, "तुमचा पोरगा लय चिकाटीचा हाय. फोन काय सोडत न्हाई." मालकांना दोन मुलीच आहेत.

इथवर मी तोंडात पदर कोंबून हसत होते. मग भात संपला. नेमके तेव्हाच मालकांचे खरे दाजी, त्यांच्या एकुलत्या बहिणीचे यजमान गुंडाभाऊ, बहिणीला घेऊन इतक्या लांबून गाडी चालवत येऊन पंगतीत बसले. वाढप्यानं रिकामं पातेलं लपवत विचारलं, "तुमी कंचा पंप घेतला, पाव्हणं?" झालं! ते ताटावरून उठले, मालकांच्या बहिणीला गाडीत बसवलं आणि गेले. ती मागच्या काचेतून डोळे पुसताना दिसली. मालक नव्या घराच्या पायरीवर बसून राहिले. आता माझी खैर नाही, असं मला वाटलं. पण ते एवढंच म्हणाले, "पोरी, पंप घेणारी लय हाईत. भन एकच हाय मला." मामा, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी सूचना बदलली : कुणी मामा म्हटलं म्हणून त्याला लगेच भाचा समजू नये, मालकांना विचारावं. मालकांना विचारेपर्यंत कुणीच नातेवाईक नाही, असं धरून एजंटानं तत्परतेनं रकान्यातली सगळी नाती पुसली, मालकांच्या सख्ख्या बहिणीचंसुद्धा. ते मी हातानं परत लिहिलं.

असं सगळं आहे. मामींना नमस्कार, तुम्ही दोघं तब्येतीला जपा.

तुमची,
उत्कर्षा

ता. क. गुंडाभाऊ राहतात तुमच्याच कॉलनीत, मागच्या लायनीला. ते मालकांचा फोन उचलत नाहीत, पण तुमचं ऐकतात असं मामी म्हणाल्या. दाजी हसल्याशिवाय कामावर यायचं नाही, असं मालकांनी मला सांगितलंय. येत्या रविवारी मी मालकांना घेऊन येते, तुम्ही आमच्याबरोबर त्यांच्या दारापर्यंत चला.

पुन्हा ता. क. दादाच्या हळदीत माईकवर तुमचं नाव पुकारायचं राहिलं, तेव्हापासून तुम्ही आईशी बोलत नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच तुम्हाला हे काम सांगतेय. रुसलेल्या माणसाच्या मनातलं तुमच्याइतकं कुणाला कळणार? आईपण गाडीत असेल. तुम्ही "आक्का" म्हणून हाक मारल्याशिवाय खाली उतरायचं नाही, असं तिनं ठरवलंय. दुधीची वडी मात्र आत्तापासूनच करून ठेवलीय.