भिजलेल्या गाठी

एप्रिल, दुसरा रविवार. संध्याकाळ.

टाच अजून ठणकतेय. हळद लावलीय, पण खरं दुखणं वेगळंच आहे.

कुंभारीला भावाच्या विहिरीवर मी भवानी पेठेतल्या बायकांना पोहायला शिकवते. नियम माझाच. हातहातभर अंतरावर गाठी मारलेली, दगड बांधलेली दोरी आधी तळाला सोडायची. आठ गाठी भिजल्या तरच उडी, नाहीतर पायऱ्यांनी उतरायचं.

आज मी दोरी सोडलीच नाही. का? बायका बघत होत्या म्हणून? ओढणी कमरेला बांधली आणि उडी टाकली. रात्रभर मोटर चालली होती, पाणी उतरलं होतं. टाच तळाच्या खडकावर आपटली. डोकं खाली असतं तर?

वर आले तर शबाना समोर. महिन्यापूर्वी तरंगायला पाठीला डबा बांधूनही ती पायरी सोडत नव्हती.

"ताई, गाठी बघितल्या न्हाईत की तुमी?"

"अगं, तीस वर्षं उड्या मारतेय इथं."

"तुमी त्याच हाय की. पाणी कालचं न्हाय."

मग तिनंच दोरी सोडली. चारच गाठी भिजल्या. सगळ्याजणी पायऱ्यांनी उतरल्या आणि तासभर हसत-खिदळत पोहल्या. मी टाच धरून काठावर बसले.

दोरी शबानाच्या पिशवीत गेलीय. मी मागितली नाही.